पाणी वळेल, पाऊस वळेल का?

शालेय विज्ञान प्रदर्शनात एक प्रतिकृती हटकून पाहायला मिळते. थर्माकोलचा डोंगर, त्याच्या एका बाजूला निळ्या रंगाचा समुद्र, दुसऱ्या बाजूला तपकिरी माळ. डोंगराच्या पोटातून सलाइनची एक नळी काढलेली असते. विद्यार्थी डोंगरमाथ्यावर पाणी ओततो, ते नळीतून माळावर येते आणि तिथे रोवलेली मेथीची हिरवी रोपे दाखवून तो सांगतो, "पश्चिमेचे वाया जाणारे पाणी पूर्वेला वळवले, तर दुष्काळ कायमचा हटेल. हिरवळ वाढली की तिथे पाऊसही पडू लागेल." परीक्षक मान डोलावतात आणि पुष्कळदा बक्षीसही देतात.

ही कल्पना त्या विद्यार्थ्याची नसते. ती भाषणांतून, वर्तमानपत्रांतून आणि निबंधांच्या पुस्तकांतून त्याच्यापर्यंत आलेली असते. ती आकर्षक आहे, आणि तिचा काही भाग खराही आहे. म्हणूनच ती बारकाईने तपासणे आवश्यक वाटते. या कल्पनेत तीन विधाने एकत्र गुंफलेली आहेत. पहिले, पश्चिमेला भरपूर पाणी शिल्लक आहे. दुसरे, ते पूर्वेला आणता येते. तिसरे, ते आणले की कोरडा प्रदेश हिरवा होईल आणि त्याचे हवामानच पालटेल. ही तीन विधाने वेगवेगळी करून तपासायला आम्ही सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका निवडला आहे.

खंडाळा म्हटले की मुंबई-पुणे रस्त्यावरचे थंड हवेचे ठिकाण डोळ्यांपुढे येते. तो खंडाळा वेगळा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. तिथून खंबाटकीच्या घाटापर्यंतचा हा तालुका. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यातले. खंडाळ्यापासून महाबळेश्वर सरळ रेषेत जेमतेम ४० किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर खंडाळ्याच्या वाट्याला येतो पाचशे-सहाशे मिलिमीटर. म्हणजे सायकलवरून एका दिवसात कापता येईल एवढ्या अंतरात पाऊस दहापटीने घटतो. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला 'तिकडचे पाणी इकडे का आणत नाही?' असा प्रश्न पडला नाही, तरच नवल.

एका खंडाचे स्वप्न

हाच प्रश्न ऑस्ट्रेलियात एका संपूर्ण खंडाच्या मापाने विचारला गेला. सिडनी बंदरावरचा प्रसिद्ध पूल १९३२ साली वाहतुकीला खुला झाला. त्या पुलाच्या कामाशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते अभियंते जॉन ब्रॅडफिल्ड यांनी १९३८ साली एक योजना मांडली. क्वीन्सलंड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर टली, हर्बर्ट, बर्डेकिन अशा नद्या भरपूर पाणी घेऊन समुद्राला मिळतात. त्यांना बांध घालावा, ते पाणी ग्रेट डिव्हायडिंग रेंज या पर्वतरांगेच्या पलीकडे न्यावे आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या थॉमसन नदीत सोडावे. तिथून ते उताराने आयर सरोवराच्या खोऱ्यात जाईल. आयर सरोवर हा ऑस्ट्रेलियातील सर्वांत सखल भाग, समुद्रसपाटीच्याही सुमारे १५ मीटर खाली. बहुतेक काळ ते मिठाचे कोरडे मैदान असते. तिथे पाणी खेळू लागले की बाष्पीभवन वाढेल, त्यातून ढग होतील आणि खंडाच्या मध्यभागी पाऊस वाढेल, अशी अपेक्षा होती.

ब्रॅडफिल्ड हे कसलेले अभियंते होते. त्यांच्या योजनेतील धरणे आणि बोगदे बांधणे अशक्य नव्हते. योजना अडली ती आकडेमोडीत. नद्यांतील पाण्याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्ष मोजणीऐवजी सूत्रावर आधारलेला होता. १९४७ साली डब्ल्यू. एच. आर. निम्मो या अभियंत्यांनी नद्यांच्या मोजलेल्या प्रवाहांच्या आधारे तो तपासला, तेव्हा तो फारच फुगलेला निघाला. तरीही योजना विस्मृतीत गेली नाही. प्रत्येक मोठ्या दुष्काळात आणि पुष्कळ निवडणुकांत ती पुन्हा वर येत राहिली. अखेर सीएसआयआरओ या तेथील राष्ट्रीय विज्ञान संस्थेने मूळ योजना आणि तिची नवी रूपे यांचा सविस्तर अभ्यास केला. २०२२ साली पुढे आलेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की मिळणारे पाणी आणि होणारा खर्च यांचा मेळ कोणत्याच रूपात बसत नाही.

पावसाबद्दलची अपेक्षाही तपासली गेली. २००४ साली तेथील हवामानशास्त्रज्ञांनी संगणकीय प्रतिमानात खंडाच्या मध्यभागी कायमचे पाणी भरून पाहिले. पाण्यावरची हवा थंड झाली, बाष्पीभवन वाढले. परंतु पावसात दूरवर पसरलेली, भरवशाची वाढ काही दिसली नाही. निसर्गानेही हा प्रयोग करून दाखवला आहे. १९७४ साली आलेल्या मोठ्या पुरांनी आयर सरोवर तुडुंब भरले होते. हजारो चौरस किलोमीटरचा जलाशय वाळवंटात उभा राहिला. पुढे काही वर्षांत तो आटला आणि वाळवंट वाळवंटच राहिले.

खंडाळा कोरडा का?

असे का व्हावे? याचे उत्तर ऑस्ट्रेलियापेक्षा खंडाळ्यात उभे राहून समजणे सोपे आहे. कोरड्या प्रदेशात पाऊस पडत नाही, कारण तिथल्या हवेत बाष्प नसते, असे आपण गृहीत धरतो. खंडाळ्याच्या बाबतीत हे गृहीत तपासून पाहू.

जुलै महिन्यात दख्खनच्या पठारावरील हवेच्या एक चौरस मीटर पायाच्या स्तंभात, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेत मिळून, ढोबळमानाने ५० किलो बाष्प असते. ते सगळे पाणी होऊन खाली आले तर ५० मिलिमीटर थर होईल. मोसमी वारा सेकंदाला १० मीटर वेगाने पूर्वेकडे वाहतो आहे असे धरू. आता ३० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यावरून, म्हणजे साधारण एका तालुक्याच्या रुंदीवरून, किती पाणी जाते?

०.०५ मीटर × ३०,००० मीटर × १० मीटर = सेकंदाला १५,००० घनमीटर.

दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे दिवसाला सुमारे १३० कोटी घनमीटर. धरणांच्या बातम्यांत आपण टीएमसी हे एकक वाचतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात २.८३ कोटी घनमीटर. त्या हिशेबाने पावसाळ्यातल्या एका दिवसात तालुक्याच्या डोक्यावरून सुमारे ४६ टीएमसी पाणी बाष्परूपाने निघून जाते! नीरा खोऱ्यातील भाटघर (२३.५ टीएमसी), नीरा-देवघर (११.७), वीर (९.४) या तिन्ही धरणांचा उपयुक्त साठा मिळून होतो सुमारे ४५ टीएमसी. थोडक्यात, खंडाळ्याच्या आकाशात पावसाळ्यात बाष्पाची टंचाई मुळीच नसते.

मग टंचाई असते कशाची? ती असते हवेला वर उचलणाऱ्या यंत्रणेची. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला धडकते आणि वर चढते. वर दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही. ते महाबळेश्वरला कोसळते. माथा ओलांडल्यावर हीच हवा खाली उतरू लागते. महाबळेश्वरची उंची सुमारे १३५० मीटर, खंडाळ्याची सहाशे-सातशे. उतरताना हवा दाबली जाते आणि ढग विरल्यावर दर १०० मीटरला सुमारे १ अंश सेल्सिअसने तापते. म्हणजे खंडाळ्यापर्यंत येता येता ती सहा-सात अंशांनी उबदार होऊ शकते. उबदार हवेत बाष्प सहज सामावते. ढग डोक्यावरून जाताना दिसतात, वाराही दमट लागतो, पण पाऊस पडत नाही. यालाच आपण पर्जन्यछाया म्हणतो. मध्य ऑस्ट्रेलियावर वर्षाचा बराच काळ हवा उतरत असते, तिचे कारण पर्वत नसून उपोष्ण कटिबंधातील उच्च दाबाचा पट्टा हे आहे. परिणाम मात्र त्याच जातीचा.

हे लक्षात घेतले की हिरवळीने पाऊस येण्याची कल्पना किती लंगडी आहे ते उमगते. समजा, खंडाळ्यात ४ टीएमसी पाणी आणले आणि ते सगळेच्या सगळे पिकांतून व जमिनीतून बाष्प होऊन हवेत गेले. वर्षभराची ही भर म्हणजे जुलैमधील वाऱ्याने दोन तासांत आणलेल्या बाष्पाएवढी. शिवाय ती भर तिथे थांबून राहत नाही. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा ती एका दिवसात साडेआठशे किलोमीटर दूर नेतो.

यावर कोणी म्हणेल की पाटबंधाऱ्यांचा हवामानावर काहीच परिणाम होत नाही, असे कसे म्हणता? तसे आम्ही म्हणत नाही. फार मोठ्या क्षेत्रावर सिंचन झाले, तर जमिनीचे तापमान आणि हवेची हालचाल बदलते. फक्त तो बदल आपल्याला हवा तसाच होईल याची हमी नसते. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह भारतातील नदीजोड योजनांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. सिंचनामुळे वाढलेल्या ओलाव्याने मोसमी पावसाची रचना बदलू शकते आणि आधीच पाण्याची ओढ असलेल्या काही प्रदेशांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे त्यांच्या प्रतिमानांत आढळले. प्रतिमान म्हणजे भविष्यवाणी नव्हे, हे खरे. परंतु 'पाणी आणले की पाऊस वाढेल' हे विधान बिनधास्त करण्याचा अधिकार आता कोणालाही उरलेला नाही.

आणखी एक पुरावा आपल्या अंगणातलाच आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. तेव्हापासून पुरंदर, बारामती, इंदापूर भागात पाटाचे पाणी खेळते आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे कालव्याच्या दोन्ही काठांना हिरवळ आहे. तरीही हा सारा टापू आजही अवर्षणप्रवण म्हणूनच मोजला जातो. कालव्याने पीक दिले, पैसा दिला; पाऊस दिला नाही.

बोगद्यापलीकडची वाटणी

आता दुसरे विधान : पाणी आणता येते. हे मात्र खरे आहे आणि खंडाळा हेच त्याचे उदाहरण आहे. वाई तालुक्यात कृष्णा नदीवर, धोम धरणाच्या वरच्या अंगाला, बलकवडी येथे धरण आहे. त्याची साठवण सुमारे ४ टीएमसी. धोम-बलकवडीचा कालवा बोगद्याने डोंगर पार करून खंडाळ्यात उतरतो आणि पुढे फलटणकडे जातो. डोंगराच्या दक्षिणेचे पाणी कृष्णेचे, उत्तरेचे नीरेचे. नीरा भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला. प्रदर्शनातली नळी इथे प्रत्यक्षात आहे. दुसरीकडून, भोर तालुक्यातील नीरा-देवघर धरणाच्या उजव्या कालव्यातूनही खंडाळा, फलटण आणि माळशिरस या तालुक्यांना पाणी मिळावे अशी आखणी आहे. धरणात पाणी साठू लागल्यावरही तो कालवा वर्षानुवर्षे रेंगाळला. धरण दिसते, फोटोत येते. कालव्याचे शेवटचे टोक कोणाला दिसत नाही.

तेव्हा प्रश्न उरतो तो एवढ्या पाण्याने काय होईल याचा. हे गणित सातवी-आठवीचा विद्यार्थीही करू शकेल. एखाद्या तालुक्याचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटर धरा. पाचशे मिलिमीटर पावसाच्या या तालुक्याला हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशासारखे हिरवे करायचे, तर जमिनीवर आणखी अर्धा मीटर पाणी पसरावे लागेल. म्हणजे २५ कोटी घनमीटर, सुमारे ८.८ टीएमसी. बलकवडीच्या दोन धरणांहून अधिक पाणी एकाच तालुक्याला, आणि तेही वाटेत थेंब न सांडता. खंडाळ्याच्या पलीकडे फलटण, माण, माळशिरस, सांगोला, जत असे एकामागून एक कोरडे तालुके उभे आहेत. 'प्रदेश हिरवा करणे' हे शब्द उच्चारायला सोपे आहेत. त्यांचे घनमीटर केले की ते कोणत्याही धरणात मावत नाहीत.

परंतु सगळी जमीन हिरवी करण्याचा हट्ट सोडला, तर चित्र एकदम पालटते. एक टीएमसी पाणी घेऊ. कालवा, वितरिका, चाऱ्या आणि शेत यांतून मुरत-उडत जाऊन त्यातले निम्मे पिकाच्या मुळाशी पोहोचते असे धरू. म्हणजे १.४१ कोटी घनमीटर. उसाला पावसाव्यतिरिक्त वर्षाला दोन मीटर, म्हणजे हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी दिले, तर ७०० हेक्टर ऊस भिजेल. तेच पाणी रब्बी ज्वारीला ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या, म्हणजे हेक्टरी १,५०० घनमीटर याप्रमाणे दिले, तर ९,४०० हेक्टर ज्वारी हाताशी येईल. पाणी तेच, बोगदा तोच, आणि क्षेत्रात तेरापटींचा फरक. धरणाची उंची दहा-वीस टक्क्यांनी वाढवण्यासाठी आपण दशके झगडतो. हा तेरापटींचा प्रश्न मात्र प्रतिकृतीत कुठेच नसतो.

हे भान पूर्वीच्या लोकांना नव्हते असे नाही. नीरा डावा कालवा १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर झाला तो धान्यपिकांना संरक्षण देण्यासाठी. प्रत्यक्षात पाणी उसाकडे ओढले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर 'ब्लॉक' पद्धत आणली. पाणी अनेक गावांत ठरावीक तुकड्यांत वाटायचे आणि प्रत्येक तुकड्यात साधारण एक तृतीयांश ऊस, बाकी इतर पिके असा फेर ठेवायचा, हे तिचे सूत्र. नीरेच्या पलीकडे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणसांवर ठेवला : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क आणि उसाला मनाई. अभियांत्रिकीच्या इतिहासात या दोन गोष्टींना बोगद्याइतकेच मानाचे स्थान मिळायला हवे.

पाण्याबरोबर येणारे मीठ

आणलेले पाणी जमिनीत गेल्यावर पुढे काय होते, हेही प्रतिकृतीत दिसत नाही. नदीचे गोडे पाणीसुद्धा संपूर्ण शुद्ध नसते. समजा, एका लिटरमध्ये २०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. हेक्टरी २०,००० घनमीटर पाण्याबरोबर वर्षाला चार टन क्षार शेतात येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. पावसाळी प्रदेशात ते धुऊन जातात. खंडाळा-बारामतीसारख्या प्रदेशात धुऊन नेण्याइतका पाऊसच नसतो. त्यातच काळ्या जमिनीतून निचरा मंद. भूजल वर चढते, जमीन चिबडते आणि मग पांढरी पडते.

नीरेच्या खोऱ्यात हे कालवा सुरू झाल्यापासून पंचवीस वर्षांच्या आत दिसू लागले होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्याबरोबर नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर १९१० सालीच शास्त्रीय पुस्तिका प्रसिद्ध केली. शंभर वर्षांहून अधिक काळानंतर मिरज, वाळवा या सांगली जिल्ह्यातल्या तालुक्यांत कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी हा तोच धडा पुन्हा गिरवत आहेत. ऑस्ट्रेलियातही हेच घडले. ब्रॅडफिल्ड यांची योजना कागदावर राहिली, पण १९४९ ते १९७४ या काळात स्नोई पर्वतातील पाणी बोगद्यांतून खंडाच्या आतल्या मरे आणि मरमबिजी नद्यांकडे वळवण्यात आले. त्यातून वीज मिळाली, शेती झाली. मात्र मरे खोऱ्यात क्षारांचा प्रश्न गंभीर झाला आणि जिंदबाइन धरणाखाली स्नोई नदीत मूळ प्रवाहाचा सुमारे शंभरावा हिस्साच उरला. म्हणून पाणी आणणाऱ्या कालव्याइतकाच पाणी बाहेर काढणारा चर महत्त्वाचा आहे. पहिल्याचे उद्घाटन होते. दुसरा शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने खणावा अशी अपेक्षा असते.

वाया जाणारे पाणी म्हणजे कोणते?

आता राहिले पहिले विधान. पश्चिमेला पाणी शिल्लक आहे, ते 'वाया जाते'. इथे एक गंमत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे आणि उताराने पूर्वेकडे येऊ पाहणारे बरेच पाणी आपण स्वतःच पश्चिमेला वळवले आहे. लोणावळा-खंडाळा परिसरातील तलावांचे पाणी १९१५ पासून घाटाखाली खोपोलीला विजेसाठी सोडले जाते. ज्या दुसऱ्या खंडाळ्याचा उल्लेख आम्ही वर केला, तो हा. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाच्या निवाड्यात पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याचे आकडे आहेत : टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी ४२.६ टीएमसी आणि कोयनेसाठी ६७.५ टीएमसी. दोन्ही मिळून ११० टीएमसी, म्हणजे बलकवडीसारखी सत्तावीस धरणे. या पाण्याने मुंबईचे कारखाने चालले, घरे उजळली; त्याला वाया गेले असे कोणी म्हणत नाही. पण पश्चिमेचे पाणी पूर्वेला आणण्याची चर्चा करताना, पूर्वेचे पाणी पश्चिमेला का आणि किती काळ जावे, हा प्रश्नही त्याच टेबलावर ठेवायला हवा.

'पुराचे पाणी तरी वाया जाते ना?' असा पुढचा प्रश्न येतो. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर ते पाणी दुष्काळी भागात नेण्याची मागणी जोर धरू लागली. भावना समजण्यासारखी आहे. पण पूर दहा दिवसांचा असतो. सेकंदाला १०० घनमीटर पाणी वाहणारा चांगला मोठा कालवा दहा दिवस तुडुंब चालवला, तरी त्यातून ८.६ कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे ३ टीएमसी पाणी जाते. महापुरात कृष्णेतून सेकंदाला काही हजार घनमीटर पाणी वाहत असते. उरलेले ३५५ दिवस हा कालवा कोरडा राहणार, आणि आणलेले पाणी साठवायला पलीकडे रिकामी धरणे लागणार. पुराच्या दिवसांत थोडेफार पाणी जरूर नेता येईल आणि ते तलावांत भरणे उपयोगाचेही आहे. मात्र त्याने सांगलीचा पूर ओसरेल आणि जतचा दुष्काळही हटेल, हे एकाच वेळी घडणे अवघड आहे.

मग खंडाळ्याने पाणी मागू नये काय? अवश्य मागावे. पिण्याच्या पाण्याला आणि एका हंगामाच्या खात्रीच्या पिकाला खंडाळ्याच्या शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि कालवा अर्धवट ठेवून तो नाकारणे हा अन्याय आहे. आमचा आक्षेप पाणी वळवण्याला नाही, त्याभोवती विणलेल्या स्वप्नाला आहे. पाणी आणून हवामान बदलेल, मग पाणीच पाणी होईल, असे मानले की वाटणीचा प्रश्न गैरलागू ठरतो. अमर्याद गोष्टीची वाटणी कोण करतो? उलट, येणारे पाणी मोजके आहे आणि पाऊस पाचशे मिलिमीटरच राहणार आहे, हे स्वीकारले की कोणते पीक, कोणाला, किती पाळ्या हे प्रश्न टाळता येत नाहीत. २०१९ साली नीरा-देवघरच्या पाण्यावरून डावा कालवा की उजवा कालवा असा वाद पेटला, तेव्हा हाच प्रश्न उघडा पडला. धरणात नवे पाणी आलेले नव्हते. वाद वाटणीचा होता.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की विज्ञान प्रदर्शनातली ती प्रतिकृती बाद करू नका, तिला पुरी करायला सांगा. माळावर एका उथळ परातीत मोजून पाणी ठेवायला सांगा आणि रोज किती मिलिमीटर उडाले याची महिनाभर नोंद घ्यायला लावा. एप्रिल आणि ऑगस्टमधला फरक विद्यार्थी स्वतः सांगतील. दोन कुंड्यांना रोज थोडे मिठाचे पाणी घाला, एकीच्या बुडाला भोक ठेवा, दुसरीचे बुजवा, आणि महिन्याने दोन्हींची माती पाहा. नळीतून येणारे पाणी मोजपात्रात घ्या आणि ते दहा शेतांत वाटायला सांगा. एका शेताला ऊस हवा असेल तर बाकीच्या नऊ शेतांचे काय करायचे, ते मुलांनाच ठरवू द्या. आपल्या गावच्या तलाठी कार्यालयातून पावसाचे दहा वर्षांचे आकडे आणून भिंतीवर आलेख काढता येईल, आणि गावात कालवा आलेला असेल तर तो आल्याचे वर्ष त्या आलेखावर ठळक करता येईल. त्या वर्षानंतर आलेखाची रेघ वर गेली की नाही, ते मुलांना दिसेलच. नंतर त्याच भिंतीवर दुसरा आलेख काढावा : कालव्याचे पाणी गावातल्या किती घरांच्या शेतात पोहोचले याचा. त्या रेघेला वर नेणे मात्र माणसांच्या हातात आहे.